जास्तीचा रोट

मेहरूण, जळगाव
२ मे

मेघा,

'प्रिय' लिहिलेलं नाही, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. शोधत बसू नकोस.

चार वर्षांनी पत्र पाठवलंस, आणि पहिलीच ओळ काय, तर 'अक्का, फोनवर काही बोलू नकोस, माझा फोन ते ऐकतात.' ते म्हणजे कोण हे कळायला मला दोन पानं वाचावी लागली. त्या दोन पानांत माझी तब्येत एकदाच विचारली आहेस. बरी आहे.

योनासला धरलंय हे मला तुझ्या पत्राआधीच माहीत होतं. तुझा तो व्हिडिओ फिरत फिरत आमच्या गल्लीत आला होता. बर्फात उभी आहेस, हातात त्याच्या फोटोची पाटी, आणि अंगावर आईची हिरवी शाल. ती शाल मी इथे तीन पेट्या उपसून शोधत होते. ब्लाऊज टाकायला येणाऱ्या बायका मला व्हिडिओ दाखवतात आणि म्हणतात, "दीपमालाताई, तुमची मेघा काय खंबीर हो!" मी हो म्हणते आणि कात्री चालवते. नवरा तुरुंगात गेला की बाई खंबीर दिसते. ज्यांना नवराच नाही त्यांनी कशात दिसायचं?

तुझ्या पत्रातलं मला जे कळलं ते पुन्हा लिहिते, चुकलं असेल तर सांग. तुम्हाला आसरा देणाऱ्या देशाने दिलेल्या कागदांवर फेब्रुवारीत तो त्याच्या देशातल्या परागंदा लोकांच्या सभेला निघाला होता. मध्ये एका तिसऱ्याच देशात विमान बदलायचं होतं, तिथे विमानतळावरच त्याला बाजूला घेतलं. गुन्हा सांगितला नाही, वकील दिला नाही, एक फोन करू दिला. (तो फोन त्याने तुला केला. साहजिक आहे.) नंतर कळलं की त्याच्या सरकारने त्याला मागितलंय. ११ ऑगस्ट २०१९ च्या रविवारी तो म्हणे चोरून मायदेशी गेला आणि लष्कराच्या कोठाराला आग लावली, त्यात दोन पहारेकरी मेले. ऑगस्टमध्ये सुनावणी आहे. तो त्या दिवशी भारतात होता हे सिद्ध झालं नाही, तर त्याला त्यांच्या ताब्यात देतील. त्याच्या मित्राला असंच दिलं, तो आज जिवंत आहे की नाही हेही कोणाला ठाऊक नाही.

पासपोर्टवर शिक्का असता तर प्रश्नच नव्हता. पण पासपोर्ट त्याच्या वकिलातीने नूतनीकरणाला म्हणून ठेवून घेतला आणि परत दिलाच नाही, ते तर आपल्या डोळ्यांदेखत झालं. ठिबक सिंचन शिकायला आलेला पोरगा आपल्या वरच्या खोलीत बसून इंटरनेटच्या रेडिओवर सरकारविरुद्ध बोलतो, एवढाच त्याचा अपराध. नाना म्हणायचे, कागद नसला म्हणून माणूस कुठे जातो का. आणि त्यांनी त्याला ठेवून घेतलं.

आता तुझा प्रश्न. 'त्या रविवारी तो कुठे होता, अक्का, तुला काही माहीत आहे का?'

त्या रविवारी आपल्याकडे कानबाईदेवी बसायची होती. त्या वर्षीचा मान नानांचा होता, धुळ्याहून सगळे भाऊबंद यायचे होते. त्यांत आपला चुलतभाऊ भूषण पोलिसात. बिनकागदाचा परदेशी माणूस त्याच्या दृष्टीस पडायला नको, म्हणून योनासला शनिवारी भडगावला आपल्या मावसभावाच्या, किरणच्या शेतावर पाठवायचं ठरलं होतं. तू पुण्यात परीक्षेला होतीस.

मला एवढंच माहीत आहे. किरणला विचार.

परवा अक्षय्य तृतीया, आपली आखाजी, झाली. माहेरवाशिणी आल्या, गेल्या. झोका कडुलिंबाला बांधला होता, त्यावर शेजारची पोरं बसली. बापाच्या, नानांच्या नावाने घागर भरली. नाना गेले तेव्हा तू मोबाइलच्या पडद्यावरून रडलीस, तेव्हा मी फोन धरून उभी होते आणि माझे हात दुखत होते. हे तुला सांगायचं राहून गेलं होतं.

दीपमाला


मेहरूण
२३ मे

मेघा,

म्हणजे किरण म्हणाला की तो भडगावला पोचलाच नव्हता. आणि हे तुला आज नाही, सहा वर्षांपासून माहीत आहे! सहा वर्षं पोटात ठेवलंस, नवऱ्याला विचारलंस, त्याने सांगितलं नाही, आणि मला मात्र एका शब्दाने विचारलं नाहीस. आता त्याच्यासाठी लावलेल्या वकीलबाईच्या आडून विचारतेस.

पण खरं सांगू? तुझ्या पत्रातला दुसरा परिच्छेद मी कितीदा वाचला असेन ते विचारू नकोस. वकीलबाई त्याला भेटली. त्याने सांगितलं, मी त्या दिवशी जळगावातच होतो, एका घरात होतो, पण त्या घराचं नाव मी सांगणार नाही. ती म्हणाली, अरे बाबा, तुझा जीव जाईल. तो म्हणाला, नाव सांगणार नाही.

तू लिहितेस, 'मी वेडी व्हायची वेळ आली आहे, तो असं का करतो?' त्या दिवशी मी दुकानात गाणं म्हणत होते, मेघा. मशीनवर बसून गाणं. बायका बघायला लागल्या. तुझा नवरा तिथे कोंडलाय, त्याच्या जिवावर बेतलंय, आणि मी इथे गाणं म्हणतेय. वाईट वाटून घे, तुझा हक्क आहे. मला नाही वाटलं. चार दिवस तर अजिबात नाही वाटलं.

कोणाला तरी दिलेला शब्द असेल त्याचा. माणसं शब्द पाळतात. तुला दिलेले तो पाळतोच, ते मी ऐकून आहे. दुसऱ्या कोणाला एखादा दिला असेल तर तुझं काय बिघडलं?

तुझ्या लग्नाचा ब्लाऊज आठवतो? अंजिरी, सोनेरी काठाचा. मंडपात तुला श्वास घेता येत नव्हता, आणि सगळ्या म्हणाल्या, नवरी घाबरली आहे. तो मी अर्धा इंच घट्ट शिवला होता. माझं माप कधी चुकत नाही, आणि तेव्हाही चुकलं नव्हतं.

तो मला 'माला' म्हणायचा, हे तुला माहीत होतं का? नाना दीपा म्हणायचे, तू अक्का, गिऱ्हाइकं ताई. माला म्हणणारा तो एकटाच. जिन्यावरून हाक मारायचा, "माला, पानी आया." नळाला पाणी आलं एवढंच सांगायचं असायचं. पण मी पदर नीट करून बाहेर जायची.

मग तू पुण्याहून सुट्टीला यायला लागलीस.

बस. आज एवढंच लिहिते. वकीलबाईला सांग, मला काही आठवत नाही.

दीपमाला


मेहरूण
१४ जून

मेघा,

हे पत्र रागात लिहिते आहे. उद्या फाडीन म्हणून आजच टाकणार.

काल दुपारी दुकानात दोघं आले. इस्त्रीचे शर्ट, बोलणं मऊ, एक हिंदी बोलणारा आणि एक बोलतच नव्हता. मला वाटलं कोणाच्या लग्नाच्या ऑर्डरसाठी आले असतील, मी चहा सांगितला. चहा प्यायले आणि म्हणाले, आपल्या वरच्या खोलीत कोणी भाडेकरू राहत होता का? आम्ही त्याच्या देशाच्या मित्रमंडळाकडून आलोय. कसलं मित्रमंडळ ते त्यांनी सांगितलं नाही.

त्यांनी एक टाइप केलेला कागद पुढे ठेवला. ११ ऑगस्टला माझ्या घरी नातेवाइकांखेरीज कोणीही नव्हतं, असं लिहिलेलं. मराठीत होतं बरं का, अगदी शुद्ध. म्हणाले, ताई, खोटं बोला असं आम्ही म्हणतच नाही. तुम्हीच तर बहिणीला कळवलंय की तो भडगावला गेला होता.

हे त्यांना कसं कळलं? मी तर कागदावर लिहिलं होतं. मग आठवलं, तू म्हणाली होतीस की माझ्या पत्राचा फोटो काढून वकीलबाईला पाठवते. फोनमधूनच पाठवलास ना? अगं, फोन ऐकतात म्हणून पत्रं लिहायला लावतेस आणि त्याच फोनने पत्राचे फोटो काढतेस! पुण्याला जाऊन शिकलीस ते हेच का?

पण राग त्याचा नाही.

त्यांनी मला दोन गोष्टी दाखवल्या. एक फोटो. योनास आणि त्याच्या देशातली कोणी बाई, एका टेबलाशी, बाई हसतेय, तिचा हात त्याच्या दंडावर. म्हणाले, हा माणूस सगळीकडे असाच आहे, तुमची बहीणही फसली. मी म्हटलं, बाई बसली आहे सभेत, मागे फलक दिसतोय. फोटो कापताना फलक नीट कापायला हवा होता. आम्ही कापायचंच काम करतो, आम्हाला कळतं.

दुसरी गोष्ट त्यांनी मोबाइलवर ऐकवली. तुझा आवाज. कोणाशी तरी मराठीत बोलतेस. 'अक्का मला मदत करणार नाही गं. ती माझ्यावर जळते. तिला आयुष्यात दुसरं काही मिळालंच नाही, म्हणून ती माझ्यावर जळते.'

मग तो मऊ बोलणारा म्हणाला, ज्या बहिणीने असं म्हणायचं, तिच्यासाठी तुम्ही कशाला अडचणीत येता? परदेशी माणूस पोलिसांना न कळवता ठेवला तर घरमालकावर केस होते, तुम्हाला ठाऊक असेलच. सही करा, विषय संपला.

मी कागद ठेवून घेतला. म्हटलं, विचार करते. आणि मी खरंच विचार करतेय, मेघा. तुला घाबरवायला लिहीत नाही. कागद माझ्या मशीनच्या खणात आहे, पेनही तिथेच आहे.

तू असं म्हणालीस का, तेवढं लिही. आवाज बनवता येतात म्हणे आजकाल. 'मी म्हणाले नाही' असं लिहिलंस तर मी विश्वास ठेवीन.

दीपमाला


मेहरूण
३० जून

मेघा,

तुझं पत्र आलं. 'हो अक्का, मी म्हणाले.' बस, पुढे माफी नाही, सारवासारव नाही. आणि त्याच्याखाली, 'मीसुद्धा तुझ्यावर जळते. सहा वर्षं. त्या रविवारचं तो मला सांगत नाही, आणि मला माहीत आहे की तो तुझ्याकडे होता.'

अगं बाई! मी खुर्चीत बसले ते उठलेच नाही. तू, माझ्यावर! मला कोणी एवढी मोठी गोष्ट आजवर दिली नव्हती.

पण शेवटी जे लिहिलंयस त्याने तोंड कडू झालं. वकीलबाईने त्याला पुन्हा विचारलं तेव्हा तो म्हणाला, ज्या घराने मला जेवू घातलं त्या घराचं नाव मी कधीच कोणाला सांगत नाही, कारण नाव सांगितलं की ते लोक त्या दाराशी जाऊन उभे राहतात. पळून आलेल्या सगळ्यांचा हाच नियम आहे. सीमेवरचं घर, दिल्लीचं घर, कोण्या म्हातारीचं घर, एकाचंही नाव त्याने सांगितलेलं नाही.

म्हणजे मी महिनाभर गाणं म्हणत होते ते एका नियमासाठी. त्या सगळ्या घरांचा मला राग आला. त्या म्हातारीचासुद्धा. तिने काय वाढलं असेल त्याला?

असो. तुझी वकीलबाई हे भाषांतर करून घेणार असेल, म्हणून तिला कळेल असं सविस्तर लिहिते. या पत्राचा फोटो काढू नकोस, हातात नेऊन दे.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ, साडी, सगळा साज. सगळं घराणं एका घरी जमतं. घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेतात, त्याच्या पिठाचा त्याच्या नावाचा एक रोट होतो. तो प्रसाद फक्त कुळातल्या माणसांनी खायचा. परक्याला द्यायचा नाही, लग्न होऊन गेलेल्या लेकीलाही नाही. उरला तर पौर्णिमेच्या आत आपणच संपवायचा. आमच्यात सगळे गहू मोजायचं काम थोरले चुलते करतात, धुळ्याचे हिलाल आबा.

शनिवारी योनासने पिशवी भरली होती. खाली नाना त्याची वाट बघत होते, एसटीत बसवून द्यायला. मी जिन्यात गेले आणि म्हटलं, जाऊ नकोस. वर राहा, आवाज करू नकोस, मी बघते. नानांना सांगितलं, तो गेला मागच्या दाराने. का थांबवलं? भडगावला गेला असता तर दोन दिवस तो किरणच्या शेतावर बसून फोनवर तुझ्याशीच बोलला असता. म्हणून थांबवलं. त्याचा फोनही मी खाली आणून बंद करून ठेवला, भूषणला वाजलेला ऐकू जाईल असं सांगून.

आबांनी गहू मोजून ठेवले. मी निवडायला घेतले तेव्हा त्यात सव्वा मूठ माझ्या हाताने टाकली. नाव मनातल्या मनात घेतलं.

रविवारी घरात चाळीस माणूस. नैवेद्य झाल्यावर पंगती बसल्या. मी ताट भरलं, रोट, खीर, लाल भोपळ्याची भाजी, वर झाकण, त्यावर धुवायचे कपडे, आणि गच्चीवर कपडे वाळत घालायला म्हणून गेले. तो पलंगावर पाय घेऊन बसला होता, फरशीवर पाय वाजू नये म्हणून. त्याला भूक लागली होती. मी म्हटलं, एक कणही टाकायचा नाही. त्याने रोट सगळा खाल्ला, चुरासुद्धा बोटाने उचलला. खाली बायका गाणी म्हणत होत्या. तो हळू आवाजात विचारायचा, आता काय म्हणतात? मी त्याच्या कानाशी अर्थ सांगायची. दुपारभर मी वर जात राहिले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा तो म्हणाला, "माला, बैठो." मी बसले. फार काही बोललो नाही. त्याने त्याच्या आईचं सांगितलं, ती जात्यावर काय दळते ते. मी शपथ घातली, हा रोट खाल्लेला कोणाला सांगायचा नाही, मेघालाही नाही. तो म्हणाला, नहीं बताऊंगा.

इतकंच झालं. तुला वाटत असेल त्याहून कमी आणि मला पुरेल त्याहून जास्त. माझ्याकडे त्याचं म्हणून एवढा एकच दिवस होता, मेघा, आणि आता तो मी तुला, तुझ्या वकीलबाईला आणि त्या कोर्टाला देतेय. तिथे ते त्या दिवसाला नंबर देतील आणि फाइलीत लावतील.

त्या दोघांच्या कागदावर मी एका गिऱ्हाइकाच्या बाहीचं कटिंग काढलं. कागद जाड होता, चांगला आला उपयोगाला.

दीपमाला


धुळे
१९ जुलै

मेघा,

वकीलबाईचं म्हणणं पटलं. मी त्याची मेव्हणी, माझ्या एकटीच्या शब्दाला ते लोक काय किंमत देणार. दुसरा साक्षीदार हवा. पण त्याला तिथे बघणारं दुसरं होतं कोण? नानांनीही पाहिलं नव्हतं, त्यांना तर वाटत होतं तो भडगावला आहे. मग मला त्या दिवशीचं आबांचं वाक्य आठवलं. रोट मांडताना मोजणीपेक्षा एक जास्त निघाला तेव्हा ते ओरडले होते, "बठ्ठा मोजीसन टाकेल शे, मंग हाऊ एक रोट कोना?" बायका हसल्या होत्या, आबांचं वय झालं म्हणून. मी सगळ्यांत जोरात हसले होते.

म्हणून धुळ्याला आले. देवपुरात आबा ओट्यावरच बसले होते. ऐंशी पार झाले, पण नजर तशीच.

"आखाजीले उनी नही, आते कशी काय उनी?"

आखाजीला आले नाही, त्याचा तो टोला. मी चहासुद्धा घेतला नाही. ओट्याखाली उभं राहून सगळं सांगितलं, गव्हाच्या मुठीपासून. मधे भूषण ड्युटीवरून आला आणि दारात ऐकत राहिला. मला वाटत होतं आबा काठी उगारतील. कुळाचा रोट परक्याच्या पोटात, तोही परदेशातल्या! उद्या भाऊबंदांत माझं ताट वेगळं मांडतील, असं ठरवूनच आले होते मी.

आबांनी काठी ओट्यावर आडवी ठेवली. मग म्हणाले, "सहा वरीस पासून माना डोकामा शे तो रोट. माले वाटे, मीच चुकनू. देवीना गहू मोजामा चुकनू."

हसले होते ना मी.

"त्यानी पुरा खादा?"

"हा आबा. चुरा बी नही ठेवा."

"मंग काय इचारस? रोट खादा म्हणजे तो भाऊबंद व्हयना. तुना भाऊ व्हयना."

मेघा, ज्याला मी माझा करायला ती मूठ टाकली, त्याला आबांनी एका वाक्यात माझा भाऊ करून टाकला! मी म्हटलं, "आबा, तसं नही..." ते ऐकतात थोडेच. त्यांना वेगळाच राग आला होता.

"भाऊबंद व्हयना, आन सहा वरीस त्यानी मूठ टाकी नही आपण! आपला माणूस तथा कोंडी ठेयेल शे, आन आपण आठे रोट खाई ऱ्हायनूत. भूषण, गाडी काढ."

भूषण म्हणाला, "आबा, इचार करा. बिगर कागदना माणूस घरमा ठेवा, हाई अक्का सोता लिखी दी ऱ्हायनी. उद्या हिनावर केस व्हई."

"व्हऊ दे. तू कशाले शे पोलिसमा?"

भूषणने गाडी काढली. धुळ्यातल्या वकिलाकडे शपथपत्र करताना आबांनी सांगितलं, त्या रविवारी चुलीवर माझ्या मोजणीपेक्षा एक रोट जास्त होता आणि तो कोणाचा हे मला आता कळलं आहे. वकील विचारत होता, आजोबा, सहा वर्षांपूर्वीचं नक्की आठवतं? आबांनी त्याला घराण्यातले सगळे पुरुष वडीलकीने म्हणून दाखवले, मेलेले कोणत्या साली गेले त्याच्यासकट. वकिलाने लिहून घेतलं. मग माझी सही, आबांची सही, शिक्के. कुरिअरने मूळ प्रत तुझ्या वकीलबाईच्या नावाने गेली आहे.

आज इथेच राहतेय. आबांच्या सुनेने अंथरूण घालून दिलं. भाऊ म्हणे. मला अजून हसू आणि रडू एकदमच येतंय.

दीपमाला


मेहरूण
२९ जुलै

मेघा,

घाईत. पोलीस स्टेशनला चौकशीला बोलावलं होतं. कोणीतरी अर्ज केलाय, नाव नसलेला. भूषण धुळ्याहून सुट्टी टाकून आला आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून राहिला. विचारलं ते सगळं खरं सांगितलं. पुन्हा बोलावतील. पुढे काय ते माहीत नाही, पण मला झोप लागते.

तू मात्र नीट जेव. व्हिडिओत गळ्याची हाडं दिसायला लागली आहेत.

अक्का


मेहरूण
८ ऑगस्ट

मेघा,

काल सकाळी तुझा फोन आला, ऐकणाऱ्यांनी खुशाल ऐकावा म्हणालीस, आणि तुझं एकच वाक्य मला कळलं, "अक्का, सोडला त्याला." पुढचं सगळं तू रडण्यातच बोललीस. दुपारी वकीलबाईचा निरोप वाचला तेव्हा समजलं, त्याला त्यांच्या ताब्यात देणार नाहीत, आणि तो विमानात बसला. मी दुकान बंद केलं. मग उगाच दुकानात बसून राहिले.

आणि मग त्याचा आवाज आला, तू पाठवलास तो. सहा वाक्यांचा. मराठीत बोलायचा प्रयत्न करतो अजून. मी त्या घराचं नाव सांगितलं नव्हतं, म्हणाला. आणि सुरुवातीला म्हणाला, "अक्का."

तुझं ऐकून म्हणत असेल, किंवा आबांचा जबाब त्याला वाचून दाखवला असेल. मी तो आवाज पुन्हा पुन्हा लावला. पहिला शब्द दर वेळी तोच होता. जिन्यावरची ती हाक आता कोणी मारणार नाही, एवढं मला कळलं.

रविवारची कानबाई आबांकडे झाली. सगळे भाऊबंद होते. आबांनी गहू मोजताना मोठ्याने नाव घेतलं, "योनास." दोन-चार जणांनी नाकं मुरडली, एक काका उठून बाहेर गेले, नैवेद्याच्या वेळी परत आले. त्याच्या नावाचा रोट झाला. तो तुरुंगात, मग खाणार कोण? आबांनी माझ्या ताटात टाकला, म्हणाले, भाऊना वाटाना बहीणनी खावाना. जड होता, पाच दिवस लागले. आज शेवटचा तुकडा संपवला, पौर्णिमा उद्या आहे.

हे वाचून तुला काय वाटेल ते मला माहीत आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. तू सासरी गेलीस, तुझा रोटाचा हक्क संपला. त्याचा आहे. दर वर्षी असेल. तुझ्या नवऱ्याला आमच्या घरात जे मिळतं ते तुला मिळणार नाही, आणि हा नियम मी केलेला नाही. मला तेवढं सुख घेऊ दे.

दोघं या. चौकशी मिटली की लगेच या, नाही मिटली तरी या. तुझा अंजिरी ब्लाऊज घेऊन ये, अर्धा इंच उसवून देते, आत माया ठेवलेली आहे.

उद्या राखी आहे. आबांनी दोनदा फोन केला, भाऊले राखी धाडी का म्हणून. मी हो म्हटलं. बाजारात गेलेसुद्धा होते.

पण नाही घेतली. त्याला सांग, पुढच्या वर्षी बघू.

अक्का